सहावं बटण

तुर्भे नाक्यावरून आत, ट्रक टर्मिनलच्या भिंतीला लागून
माझं दुकान: एक पत्र्याची पेटी, एक स्टूल,
खिळ्यांना टांगलेली वायरींची भेंडोळी.
भानुदास मिसाळने गाडी लावली तेव्हा चार वाजले होते.
फाळक्याच्या फटींत अजून कांद्याची सालं.
म्हणाला, पुढे फॉगची जोडी, डावीकडे पिवळा, उजवीकडे पिवळा,
टपावर पट्टी, आत देवाजवळ निळा.
मी पाच बटणं काढली.
तो म्हणाला, सहा.

गाडीचं काम चोवीस व्होल्टचं.
चटका देत नाही, पण चुकलात तर आतल्या आत जाळतं,
आणि ते कळतं कसाऱ्याच्या चढावर, रात्री दोनला.
म्हणून आधी बॅटरीची तार सोडायची.
हे मी तौफिकला रोज सांगतो, तो रोज हो म्हणतो.

रिलेला चार पाय.
तीसला बॅटरी, सत्त्याऐंशीला दिवा,
पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या मधे एक छोटं वेटोळं,
बटणाचं ऐकून मोठ्या करंटला दार उघडणारं.
बटणाने ओझं उचलायचं नसतं, नुसतं सांगायचं असतं.
समोरच्या मार्केटातले हमाल हे ऐकून हसतात.

मग अर्थ.
चासीचा रंग खरवडायचा पांढरं लोखंड दिसेपर्यंत,
बोल्ट आवळायचा, वर बोटभर ग्रीस.
लोक रंगावरच बोल्ट मारतात
आणि म्हणतात दिवे मिणमिणतात.
अर्थ लागला पाहिजे, बाबा.
नाहीतर नवी कोरी वायरसुद्धा नुसती लांबी.

सहावा कुठे?
खाली, तो म्हणाला. गाडीखाली.
मागच्या चाकांच्या मधे, जमिनीकडे तोंड करून.
आणि त्याचं बटण दाबल्याशिवाय सेल्फ लागता कामा नये.

तीस वर्षांत माझ्याकडे लोकांनी
नाचणारे दिवे मागितले, रंग बदलणारे,
ब्रेक मारला की पेटणारं बायकोचं नाव.
हे कुणी मागितलं नव्हतं.
किती वॅटचा, एवढंच मी विचारलं.

तो बोलला ते डॅशबोर्डला भोकं पाडताना,
ड्रिलच्या आवाजात, अर्धंमुर्धं.
लासलगाव. पहाटेचे तीन. नंबर लागला, मागून हॉर्न.
उत्तम खाली झोपलेला, गार लागतं म्हणून.
मला वाटलं सीटवरच आहे. गोधडी होती ना तिथे, गोळा झालेली.
डावा पाय, गुडघ्यापासून.
आता आष्टीला माझ्याच घरी असतो.
भाकरी चांगली थापतो.
माझ्याशी बोलतो पण.

हा शेवटचा पण कुठे जोडायचा
ते मला अजून कळलेलं नाही.

सेल्फच्या रिलेची बारकी वायर कापली,
सहाव्या बटणातून फिरवून आणली,
डाग दिला, नळी चढवली, लायटरने आवळली.
आणि खरं ते सांगून टाकलं:
बल्ब उडाला तरी गाडी सुरू होईल.
वायरीला बटण दाबलेलं कळतं,
उजेड पडला का, ते नाही कळत.
तो म्हणाला, ते मी बघीन.

तौफिकने चिठ्ठ्या चिकटवल्या.
फॉग. डावा. उजवा. टप. देव.
सहावी चिठ्ठी बोटावर घेऊन तो उभा राहिला.
राहू दे, भानुदास म्हणाला.

अंधारल्यावर त्याने बटण दाबलं.
टिक.
किल्ली न फिरवता उतरला, गुडघ्यावर बसला, वाकला.
खाली सतरंजीएवढा उजेड.
त्यात वायरीची सोललेली साल, दुपारपासून हरवलेला दहाचा पाना,
आणि चाकाला पाठ लावून झोपलेलं एक कुत्रं,
कधी आलं कुणास ठाऊक.
त्याने एक डोळा उघडला, मिटला.

मागे तीन गाड्या खोळंबल्या. वॉचमनची शिट्टी.
तौफिक दगड उचलायला वाकला.
नको, भानुदास म्हणाला,
उठेल ते.
आणि किल्ली खिशात टाकून
माझ्या स्टुलावर येऊन बसला.